पिकअपची बॅटरी : पाण्याची, सीलबंद की एजीएम?

भाव विचारला की तीन आकडे समोर येतात. सगळ्यांत खाली पाणी घालायची साधी बॅटरी, तिच्याहून थोडी महाग सीलबंद मेंटेनन्स फ्री, आणि साधीच्या साधारण दीडपट ते दुप्पट भावाची एजीएम, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी. पण खर्च तेवढ्यावर थांबत नाही. टर्मिनलचे क्लॅम्प ॲसिडने खाल्ले असतील तर तेही बदलावे लागतात. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, त्याची मजुरी वेगळी. काही मोठ्या डिझेल पिकअपना दोन बॅटऱ्या असतात. तिथे एकच बदलली तर जुनी नवीला खाली ओढते, म्हणून दोन्हींचा खर्च धरूनच चालावं. जुनी बॅटरी मात्र सोबत न्यावी, तिच्यातल्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.

एजीएमचा निकाल लवकर लागतो. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणारी पिकअप असेल आणि कंपनीने एजीएम दिलेली असेल, तर तीच घ्या. त्या कामात साधी बॅटरी लवकर खराब होते. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) किंवा फ्रीज जोडलेला असेल तरीही एजीएमचा विचार करावा. एरवी बॉनेटखालच्या उष्णतेत एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. जादा चार्जिंग तिला सोसत नाही, आणि एकदा उडालेलं पाणी परत घालता येत नाही.

खरी निवड पहिल्या दोघींत आहे. सीलबंद बॅटरीच्या प्लेटच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असतं, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि गाडी उभी राहिली तरी चार्ज जास्त टिकतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडरही कमी जमते. गाडी चार जणांच्या हातात असेल आणि पाणी बघायचं काम कुणाचंच नसेल, तर सीलबंदच घ्यावी, त्यात वाद नाही.

मला तिच्यात खटकतं ते वरचं छोटं गोल भिंग. हिरवं दिसलं म्हणजे बॅटरी चांगली, असं सगळे धरून चालतात. पण ते भिंग बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सेलपैकी, एकातच उतरलेलं असतं, बाकीच्या पाचांचं त्याला काही कळत नाही. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एक जरी मेला तरी अख्खी बॅटरी कामातून जाते, व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येतं. मग भिंग हिरवं, गाडी मालाने भरलेली, आणि सेल्फ मारला की नुसती टकटक. झाकणं उघडत नाहीत, म्हणजे कुठला सेल गेला हे बघायचीही सोय नाही.

पाण्याच्या बॅटरीत सहाही सेल हाताशी असतात. पूर्ण चार्ज असताना हायड्रोमीटरवर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीवर, साधारण 1.265 ते 1.280 दिसायला हवं. 1.225 म्हणजे पाऊण चार्ज. एखादा सेल इतरांपेक्षा 0.050 ने मागे राहिला आणि चार्ज करूनही वर आला नाही, तर नव्या बॅटरीची तयारी करावी. बहुतेक वेळा ही सूचना गाडी अडायच्या आधी मिळते. पाण्याची पातळीसुद्धा बरंच सांगते. सगळ्या सेलचं पाणी सारखंच आणि भराभर उडत असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासा. एकाच सेलचं उडत असेल तर तो सेल तरी बिघडलाय किंवा तिथे डबा तडकलाय.

त्रास आहेच. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं, ॲसिड कधीच नाही. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी घालून चार्ज करावं आणि मग खुणेपर्यंत भरावं. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगला ॲसिड फुगून बाहेर येतं आणि खालचा ट्रे खातं. काही पिकअपमध्ये बॅटरी धरणारी पट्टी नेमकी मधल्या झाकणांवरून जाते, म्हणून कंटाळा करून कडेच्याच सेलमध्ये पाणी घातलं जातं आणि मधले सुकतात. पट्टी सोडवायचा आळस नको. नंतर ती घट्ट आवळायलाही विसरू नये. सैल बॅटरीतल्या प्लेटवरचा मसाला खडबडीत रस्त्यावर झडून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो. पट्टी घट्ट आवळणं तिन्ही प्रकारांना लागू आहे.

कुठलीही घ्या, पण आधी मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट असून सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर दोष बहुधा बॅटरीतच आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.7 हवेत. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय नवी बॅटरी बसवू नका. गाडी बंद करून अर्ध्या तासाने करंट मोजा. 50 मिलिअँपिअरपेक्षा बराच जास्त असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती नव्या बॅटरीलाही उतरवेल.

दुकानात उत्पादनाची तारीख बघून घ्या, कारण चार्ज न करता पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसतं. वॉरंटीत किती महिने बदलून मिळणार आणि किती महिने नुसती सूट, हे वेगवेगळं विचारा. पॉझिटिव्ह टर्मिनल जुन्या बॅटरीच्याच बाजूला आहे ना, तेही बघा, नाहीतर वायर पुरत नाही. काढताना निगेटिव्ह आधी सोडवा आणि बसवताना शेवटी लावा, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही.