पडलेली सर्व्हिस उठवते, बंद केलेली बंद ठेवेलच असं नाही

विंडोज की आणि आर एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' टाइप केलं की उघडणारी 'सर्व्हिसेस' ही विंडो विंडोजबरोबर फुकटच येते. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम, आणि अशा सगळ्यांची यादी इथे दिसते. दिसायला जुनाट आहे, सर्चची पट्टीसुद्धा नाही. नावाची पहिली अक्षरं पटापट टाइप करून यादीत उडी मारावी लागते. तरी पडलेली सर्व्हिस आपोआप उठवण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. ते काम ही चोख करते. बंद ठेवण्याच्या बाबतीत मात्र हिचा शब्द शेवटचा नसतो.

सर्व्हिसवर डबल क्लिक करून 'रिकव्हरी' टॅबवर या. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा आणि त्यापुढे दर वेळी सर्व्हिस पडल्यावर काय करायचं ते इथे ठरतं: काहीच नाही, सर्व्हिस रीस्टार्ट, एखादा प्रोग्रॅम चालवणे किंवा अख्खा कॉम्प्युटर रीस्टार्ट. शेवटच्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. बिघाड सुरुवातीलाच होत असेल तर मशीन दिवसभर चालू-बंद होत बसेल. 'रीसेट फेल काउंट' 1 दिवस ठेवा, म्हणजे दिवसभर धड चालल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

खरी परीक्षा प्रिंट स्पूलरवर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिसवर होते. खराब झालेली एखादी प्रिंट रांगेत अडकली की स्पूलर पडतो, रीस्टार्ट होतो, तीच फाइल उचलतो आणि परत पडतो. इथे नुसत्या रीस्टार्टने काही साधत नाही. पहिल्या दोन खान्यांत रीस्टार्ट ठेवा आणि तिसऱ्यात 'रन अ प्रोग्रॅम'. प्रोग्रॅम म्हणून सीएमडी, म्हणजे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट द्या. पॅरामीटरमध्ये स्लॅश सी आणि पुढे तुमच्या बॅच फाइलचा, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलचा पत्ता. बॅच फाइलमध्ये दोनच ओळी लागतात: सिस्टिम32 मधल्या स्पूल फोल्डरमधल्या 'प्रिंटर्स'मधल्या फाइली उडवणारी, आणि 'नेट स्टार्ट स्पूलर'. रांगेतल्या बाकीच्या प्रिंट पुन्हा द्याव्या लागतील, तेवढं गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

एवढं लावूनही काही वेळा रिकव्हरी हलतच नाही. सर्व्हिसने 'मी थांबले' असं स्वतः कळवलं, मग ती एरर देऊन का थांबेना, तर विंडोज त्याला पडणं समजत नाही. त्यासाठी 'एनेबल अ‍ॅक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स' वर टिक करावी लागते. आणि प्रोसेस जिवंत असून नुसती लटकली असेल तर या टॅबचा काही उपयोग नाही; यादीत ती खुशाल 'रनिंग' दिसत राहते. पडल्याची नोंद विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगखाली 7031 किंवा 7034 क्रमांकाने सापडते.

आता बंद करण्याचं. सर्व्हिस कधी सुरू व्हायची ते 'स्टार्टअप टाइप' ठरवतो. तो 'मॅन्युअल' केला म्हणजे सर्व्हिस झोपली, हा गैरसमज आहे. विंडोज 7 पासून ट्रिगर, म्हणजे ठरावीक घटना घडली की सर्व्हिस उठवणारी सोय आली आहे, त्यामुळे यूएसबी लावणं किंवा नेटवर्क मिळणं एवढ्यानेही ती उठू शकते. खरोखर बंद हवी तर 'डिसेबल्ड'च करा, पण आधी 'डिपेंडन्सीज' टॅबमधली खालची यादी वाचा. तिच्यावर अवलंबून असलेली सर्व्हिस नंतर 1068 एरर देऊन बसते आणि लोक भलतीकडेच दोष शोधत राहतात. फक्त बूट हलकं करायचं असेल तर 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' पुरे. त्यात सर्व्हिस साधारण 2 मिनिटं उशिरा उठते.

विंडोज अपडेट डिसेबल केलं तर मेडिक नावाची दुसरी सर्व्हिस ते पुन्हा चालू करू शकते, आणि त्या मेडिकला इथून हात लावायला गेलात तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. कुणी, कधी स्टार्टअप टाइप बदलला याचा माग 7040 क्रमांकाच्या नोंदीत निघतो.

दहा मशीनवर हेच करायचं असेल तर माउस सोडा आणि एससी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या कमांडचा 'फेल्युअर' पर्याय वापरा. त्यात रीसेटचा काळ सेकंदांत असतो, म्हणजे एका दिवसाला 86400, पण रीस्टार्टपूर्वीची वाट मिलिसेकंदांत, म्हणजे एका मिनिटाला 60000. बरोबरच्या चिन्हानंतर स्पेस द्यायलाच हवी, नाहीतर कमांड चालत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल या दुसऱ्या कमांड विंडोमध्ये नुसतं 'एससी' लिहिलं तर भलतीच कमांड चालते; तिथे शेवटी 'डॉट इएक्सई' जोडा.