मुलांच्या मानसोपचार केंद्राचा अनुभव : तपासणी उत्तम, अहवाल मात्र नीट वाचून घ्या

शाळेतून तिसऱ्यांदा चिठ्ठी आली, ‘जागेवर बसत नाही, वही अर्धवट’, तेव्हा सात वर्षांच्या लेकाला घेऊन आम्ही इथे गेलो. मोबाइलवर एक प्रश्नावली भरून निदान मी आधीच करून ठेवलं होतं : एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. फक्त शिक्का मारून हवा होता.

डॉक्टरबाईंनी माझी प्रश्नावली बघितलीही नाही. पहिला प्रश्न, “याचे कान कधी तपासले?” तपासलेच नव्हते. मग डोळे, झोप, घोरणं, बाळंतपण, बोलायला कधी लागला... यातच पाऊण तास गेला. मी मध्येच उत्तर दिलं की त्या म्हणायच्या, “ताई, थांबा, त्याला सांगू द्या.” शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म दिला. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, “त्रास एकाच ठिकाणी दिसून चालत नाही. घरी, शाळेत, दोन्हीकडे हवा, किमान सहा महिने हवा आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेला हवा.” घरी तर हा ठोकळे घेऊन तासभर हलत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

दुसऱ्या खेपेला मानसशास्त्रज्ञ मुलीने त्याला उतारा वाचायला दिला. पहिली ओळ बरी गेली. जोडाक्षर आलं की बोट घसरायचं, पाय हलायला लागायचे आणि “पाणी पिऊन येतो”. तीनदा तहान लागली! घरी हेच मी वर्षभर ‘नाटकं’ म्हणून झटकत होते. निदान निघालं वाचनाच्या अडचणीचं, डिस्लेक्सियाचं. एडीएचडी सोबत असू शकतो, दोन्ही अनेकदा जोडीने येतात, पण त्याचं नाव इतक्यात घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी दिली नाही.

बाहेर बसलेल्या एका आईच्या थोरल्याला लहानपणी फक्त ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला होता, चंचलपणाचं वेगळं नाव नाही. आता ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही निदानं आहेत. डॉक्टरबाईंना विचारलं, तर कळलं की निदानाच्या अमेरिकन नियमावलीत ही दोन नावं एकत्र द्यायची मुभाच २०१३ मध्ये मिळाली. त्या मुलाची शाळेतली किती वर्षं त्यात गेली असतील!

आता तक्रारी. अहवाल तीन आठवड्यांत देतो म्हणाले, सहा लागले. चौथ्या पानावर माझा मुलगा अचानक ‘ती’ झाला होता आणि ‘तिला’ एक धाकटी बहीणही होती. आम्हाला एकच मूल. काउंटरवर उत्तर मिळालं, “टायपिंग मिस्टेक आहे मॅडम.” टायपिंगमध्ये बहीण येत नाही हो, दुसऱ्याचा परिच्छेद चिकटवला की येते. दोन दिवसांत दुरुस्त प्रत मिळाली, पण न वाचता तशीच शाळेत दिली असती तर? शिवाय बसायच्या हॉलमध्ये कार्टून फुल्ल आवाजात. आवाजाचा त्रास होणारी मुलं जिथे येतात तिथे! एक पोरगं कानांवर हात दाबून जिन्यात जाऊन बसलं होतं.

पाचपैकी साडेतीन तारे, तेही त्या दोन बैठकांसाठी. जाताना शाळेच्या जुन्या वह्या न्या, फार उपयोगी पडतात. लेकाचे रेमेडियलचे, म्हणजे वाचनाच्या खास मदतीचे, वर्ग आठवड्यातून दोनदा चालू आहेत. तीन महिन्यांनी शिक्षकांचा फॉर्म पुन्हा भरून न्यायचाय, तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करायला मीच सांगणार आहे.