संख्याशास्त्रात पीएचडी करताय? थिअरीवाला गाईड घ्यायचा की अप्लाइडवाला

लोक गाईड निवडताना नाव किती मोठं ते बघतात. मी म्हणेन, पुढची चार-पाच वर्षं तुमचा रोजचा दिवस कसा जाणार ते आधी बघा.

थिअरीत दिवस म्हणजे फळा, कागद आणि तोच एक लेमा (मोठ्या प्रमेयाच्या वाटेवरचं छोटं प्रमेय). सकाळी सिद्ध झाला म्हणून खूश व्हायचं आणि संध्याकाळी लक्षात येतं की व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) फायनाइट आहे हे आपण गुपचूप धरूनच चाललो होतो, झालं, तीन आठवडे पाण्यात. पेपरचा रिव्ह्यू यायला महिनोन्‌महिने. पण टिकतं ते असं टिकतं की बास. सी. आर. राव यांनी पंचविशीच्या आसपास, 1945 मध्ये, अनबायस्ड एस्टिमेटरचा (सॅम्पलवरून काढलेला, सरासरीने बरोबर येणारा अंदाज) व्हेरियन्स किती खाली जाऊ शकतो याची जी मर्यादा दिली ती क्रामेर-राव म्हणून आजही एमएस्सीच्या प्रत्येक पोराला करावीच लागते.

अप्लाइडमध्ये एकटं बसायला मिळतच नाही. कोणीतरी एक्सेल फाईल घेऊन दारात उभं, डेटा गोळा करून झालेला आणि म्हणणं एवढंच की पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता) 0.05 च्या खाली आली पाहिजे. एकदा माझ्याकडे 200 जणांची फाईल आली, सरासरी वय 136! नंतर कळलं की 20 जणांनी वय सांगितलंच नव्हतं आणि तिथे 999 टाकलेलं. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतल्या फिशरने 1938 मध्येच म्हणून ठेवलंय की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करून घेणं. पेपर इथे भराभर होतात, पण नाव बरेचदा मधे कुठेतरी, सहा जणांत चौथं, आणि थिसिसमध्ये "यात तुझं नवीन काय" हे विचारलं की घाम फुटतो (मला फुटला होता).

आता ही भिंत तशी पक्की नाहीच. संख्याशास्त्रज्ञ गॉसेट गिनेसच्या ब्रुअरीत नोकरीला होता, सॅम्पल लहान असायची त्यातूनच 1908 चा टी (लहान सॅम्पलच्या सरासरीसाठीची टी-टेस्ट) आला. कॉक्सचं 1972 चं मॉडेल (पेशंट किती काळ जगतो अशा डेटासाठीचं) गणित म्हणूनही देखणं आणि मेडिकलवाल्यांच्या तर रोजच्या वापरातलं. त्यामुळे अप्लाइडला गेलात तरी मेजर थिअरीचा (measure theory, प्रोबॅबिलिटी ज्यावर उभी आहे ते गणित) कोर्स टाळू नका, मी टाळला आणि अजून अडतं.

माझं मत विचाराल तर, वर्षभर हाती काही न लागता झोप येत असेल तरच थिअरी, नाहीतर अप्लाइड.

आणि एक, विभागात कोण कोणाशी बोलत नाही हे सिनियर पोरांकडून काढून घ्या. कार्ल पिअर्सनने 1911 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला जो संख्याशास्त्राचा विभाग काढला तो 1933 मध्ये तो रिटायर होताच दोन तुकडे झाला, एक त्याच्या मुलाकडे, दुसरा फिशरकडे, आणि दोघांचं काही पटेना. अशा दोघांना तुमच्या कमिटीत एकत्र बसवू नका म्हणजे झालं.