फायरबॉल की वॉटर ब्रीदिंग: विझार्डने कुठलं स्क्रोल उचलावं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या 2014 च्या नियमांत फायरबॉल (आगीचा गोळा) आणि वॉटर ब्रीदिंग (पाण्याखाली श्वास) हे दोन्ही मंत्र तिसऱ्या पातळीचे. विझार्ड म्हणजे जादूगार पात्र, स्क्रोल म्हणजे मंत्र लिहिलेला कागद. टेबलावर सगळ्यांचा हात आधी फायरबॉलकडे जातो. साहजिकच आहे: 20 फूट त्रिज्येत 8 सहापैलू फासे, म्हणजे सरासरी 28 नुकसान. शिवाय स्क्रोलचा सेव्ह डीसी (मंत्रातून बचावायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) 15 ठरलेला. पाचव्या लेव्हलचा, 16 बुद्धीचा विझार्ड स्वतः जेमतेम 14 गाठतो.

पण एकदा वाचलं की कागद कोरा.

वॉटर ब्रीदिंग दिसायला अगदीच मिळमिळीत. मात्र तो रिच्युअल, म्हणजे सावकाश विधी करून म्हणता येणारा मंत्र आहे. 6 तास आणि 150 सोन्याची नाणी खर्चून विझार्डच्या मंत्रांच्या वहीत उतरवला, की आधी तयार न करता, स्लॉट (मंत्र म्हणायची मोजकी संधी) न घालवता, दहा मिनिटं जास्त देऊन हवा तेव्हा म्हणता येतो. दहा जणांना 24 तास पाण्याखाली श्वास! बुडालेलं देऊळ, तळघरातला खंदक, सगळं खुलं. उतरवताना आर्काना चेक (जादूच्या ज्ञानाची फाशावरची परीक्षा) डीसी 13 चा. हुकला तरी स्क्रोल जातंच, ही धाकधूक आहे.

समोर आजच ऑर्कांची टोळी उभी असेल तर फायरबॉल. एरवी मी वॉटर ब्रीदिंगच घेईन. फायरबॉल तर लेव्हल वाढली की फुकटात वहीत येतो.