बेइवे : फोनच्या हालचालींवरून मनाचा अभ्यास करायचा तर आधी काय बदलावं लागतं

बेइवे ही उत्तर युरोपातल्या सामी लोकांची सूर्यदेवता. लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यात ज्यांचं मन ढळे, त्यांच्यासाठी तिची करुणा भाकली जाई. याच नावाची, लोकांच्या फोनमधून डेटा गोळा करणारी संशोधन-प्रणाली बॉस्टनमध्ये, हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातल्या युक्का-पेक्का ओन्नेला यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. ती मोफत आहे आणि मूळ कोडही खुला आहे. स्वतःचा मूड बघायला घ्यायचं हे अॅप नव्हे. मानसोपचार विभाग, मानसशास्त्राचे संशोधक, सामाजिक आरोग्यात काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी ते आहे, आणि त्याच नजरेने हे परीक्षण लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. कच्चा डेटा गोळा करणं आणि डेटा कुठे तुटला ते प्रामाणिकपणे दाखवणं, या दोन्हीत बेइवे उत्तम आहे. पण ते मूळ सेटिंग्जवर आपल्याकडे चालवलं, तर येणारे आकडे दिसायला नेटके आणि अर्थाने चुकीचे असतील.

प्रणालीचे तीन भाग आहेत. सहभागी व्यक्तीच्या फोनवरचं अॅप, अॅमेझॉनच्या क्लाउडवर स्वतः उभारायचा सर्व्हर, आणि ‘फॉरेस्ट’ नावाचा, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला विश्लेषणाचा संच. फॉरेस्टमधल्या भागांना झाडाझुडपांची नावं आहेत : जीपीएससाठी जॅस्मिन, चालण्यासाठी ओक, कॉल आणि मेसेजच्या नोंदींसाठी विलो, प्रश्नावल्यांसाठी सिकॅमोर. सर्व्हर मुंबईतल्या डेटा केंद्रात ठेवता येतो. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीपुढे जाताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

हालचालीचा आणि नैराश्याचा संबंध हवेतला नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात दोन आठवडे लोकांच्या फोनचा डेटा घेऊन तो पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीशी ताडून पाहिला. चोवीस तासांच्या फिरण्यातली नियमितता आणि नैराश्याचे गुण यांचा सहसंबंध उणे ०.६३ निघाला. म्हणजे दिनक्रम जितका विस्कटलेला, तितके गुण जास्त. मात्र अभ्यासात ४० जण घेतले होते आणि विश्लेषणापुरता डेटा मिळाला २८ जणांचाच. खुद्द बेइवे वापरून झालेल्या २०१८च्या प्राथमिक अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे १७ रुग्ण होते. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत त्यांच्या वागण्यातल्या विसंगती एरवीपेक्षा ७१ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आकडा उमेद देणारा आहे, पण रुग्ण सतराच आहेत हे अनुदानाच्या अर्जात विसरू नये.

आता जीपीएस. बॅटरी वाचावी म्हणून बेइवे ते सतत चालू ठेवत नाही. एक मिनिट चालू आणि दहा मिनिटं बंद असं चक्र ठेवलं, तर दिवसातला जेमतेम ९ टक्के वेळ प्रत्यक्ष पाहिला जातो. उरलेले ९१ टक्के भरून काढावे लागतात. दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढणं हा सोपा उपाय, आणि चुकीचाही : वळणं जातात, मधले थांबे जातात, अंतर कमी भरतं. जॅस्मिन त्याच व्यक्तीच्या आधीच्या हालचालींतून शक्य वाटणारे तुकडे उचलून गाळलेल्या जागा भरतं. ओन्नेला आणि इयन बार्नेट यांनी मांडलेल्या या पद्धतीत अंतर, घरातला वेळ अशा सगळ्या निर्देशांकांची सरासरी चूक सरळ रेघेच्या तुलनेत दहापट कमी झाली. बेइवे निवडायचं सर्वांत मोठं कारण आमच्या मते हेच आहे.

जॅस्मिन रोजचा घरातला वेळ, एकूण अंतर, घरापासूनचं सर्वांत लांबचं अंतर, महत्त्वाच्या ठिकाणांची संख्या आणि वेळ त्या ठिकाणांत कसा विभागला ते देतं. या रकान्यांच्या आधी ‘किती वेळ प्रत्यक्ष पाहिला’ हा रकाना वाचावा. तो रिकामा असेल, तर बाकीचे सगळे आकडे अंदाज आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेळेच्या पट्ट्याची. बेइवेच्या फायली जागतिक प्रमाणवेळेनुसार तासातासाला तुटतात. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे भारतातली मध्यरात्र १८:३०ला, म्हणजे एका फायलीच्या मधोमध येते. तेवढं जॅस्मिन सांभाळून घेतं, पण वेळेचा पट्टा ‘एशिया/कोलकाता’ असा आपण लिहून द्यायचा असतो. नमुन्याच्या कोडमधला न्यूयॉर्क तसाच राहिला तर काय होतं पाहा. जॅस्मिन रात्रीच्या तासांत माणूस जिथे जास्त असतो त्या जागेला घर मानतं. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे आपला दिवस. मग नोकरी करणाऱ्याचं ऑफिस ‘घर’ ठरतं आणि रोज वेळेवर कामावर जाणारा निरोगी माणूस घरकोंबडा दिसतो. प्रोग्रॅम कुठेही चूक दाखवत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. रात्रपाळीच्या परिचारिका, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमधली माणसं यांच्या बाबतीत पट्टा बरोबर असूनही हाच घोळ होतो. त्यांचं घर वेगळं तपासा.

‘एक माणूस, एक घर’ हे गृहीतकही सगळीकडे चालत नाही. बीड भागातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. पूर्ण वर्षाचा डेटा एकत्र दिला, तर त्यातले कित्येक महिने ‘घरापासून दूर’ म्हणून मोजले जातील. अशा अभ्यासात कालखंड तोडून प्रत्येकाचं विश्लेषण वेगळं चालवावं. दोन माणसांच्या अंतरांची तुलना तर करूच नये : विरारहून चर्चगेटला जाणारा रोज १२० किलोमीटर हलतो, सावंतवाडीतला दुकानदार दोन. तुलना ज्याची त्याच्याशीच करायची, आधीच्या चार आठवड्यांशी. आणि जिची दिवसभराची सगळी कामं घरातच असतात, तिच्या घरातल्या वेळेवरून नैराश्याबद्दल फारसं काही कळत नाही. तिथे झोपेची वेळ आणि फोन हातात घेण्याची लय अधिक बोलकी ठरू शकते.

आता फोन बसवताना. अॅप मूळ सेटिंगमध्ये डेटा फक्त वायफायवरून पाठवतं. अमेरिकेत ते ठीक. आपल्याकडे असंख्य घरांत वायफाय नसतं, त्यामुळे फायली फोनमध्येच साठत राहतात आणि सर्व्हरवर सहभागी गायब दिसतो. मोबाइल डेटाची परवानगी पहिल्याच दिवशी चालू करा, आणि त्याबरोबर अॅक्सिलरोमीटरचा, म्हणजे फोनची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचा, हिशेबही करा. सेकंदाला साधारण १० नोंदी आणि १० सेकंद चालू, १० बंद असं चक्र धरलं तर दिवसाला ४ लाख ३२ हजार ओळी होतात. रोजचे ३०-४० एमबी सहज जातात. रिचार्जचा तेवढा खर्च अभ्यासाने उचलायला हवा.

अँड्रॉइडवर शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांच्या बॅटरी-व्यवस्था मागे चालणारी अॅप्स बंद करतात. बॅटरीचं बंधन काढणं आणि ऑटोस्टार्ट चालू करणं या दोन गोष्टी माणसासमोर बसून कराव्या लागतात, सूचनापत्रक देऊन भागत नाही. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ हवी आणि ‘अचूक स्थान’ चालू हवं, नाहीतर जागा काही किलोमीटर इकडेतिकडे दिसते. अँड्रॉइड ११पासून काही महिने न उघडलेल्या अॅपच्या परवानग्या आपोआप निघतात. त्यावर साधा उपाय म्हणजे आठवड्याला एक छोटी प्रश्नावली, त्या निमित्ताने अॅप उघडलं जातं. आयफोनवर लोक सवयीने अॅप वर सरकवून बंद करतात, की नोंद तिथेच थांबते. आयफोनवर कॉल आणि मेसेजच्या नोंदी मुळीच मिळत नाहीत.

फोन कुठे ठेवला जातो हेही विचारा. खिशातल्या फोनची चाल आणि पर्समधल्या फोनची चाल वेगळी उमटते. घरातला एकच फोन आई, मुलगा आणि मुलाचा क्लास असे तिघं वापरत असतील, तर त्या व्यक्तीला अभ्यासात घेऊ नये.

गोपनीयतेचं काम नीट केलेलं आहे. फायली फोनवरच कुलूपबंद होतात, नंबर ओळखू न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलतात, सहभागीचं नाव कुठेच लागत नाही. पण रात्रीचे अक्षांश-रेखांश म्हणजे घराचा पत्ताच. स्थान मुद्दाम हलवून साठवण्याची सोय आहे, ती वापरायची की नाही हे संमतीपत्र लिहितानाच ठरवावं. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर सर्व्हरवर तासांनी किंवा दिवसांनी पोचू शकतं, त्यामुळे बेइवेला आणीबाणीची घंटा समजू नका. अॅपमध्ये डॉक्टरांना फोन लावायचं बटण आहे, त्यात चालू नंबर भरा. प्रश्नावलीच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मराठीत लिहा. आठव्या प्रश्नापर्यंतच थांबणारी पीएचक्यू-८ वापरणं हाही सरळ मार्ग आहे.

पर्याय म्हणून माइंडलॅम्प हे अॅप आहे, बॉस्टनच्याच बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातलं. स्किझोफ्रेनिया उलटण्याची चाहूल घेण्याच्या प्रकल्पात ते बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि गोव्यात मुख्यालय असलेल्या ‘संगत’ या स्वयंसेवी संस्थेचं भोपाळ केंद्र यांनी वापरलं आहे. त्यात रुग्णाला स्वतःचे आलेख दिसतात. उपचारांसोबत वापरायचं असेल तर ते घ्या. हालचालींचा कच्चा, सूक्ष्म डेटा हवा असेल आणि हाताशी सर्व्हर सांभाळणारा एक माणूस असेल, तर बेइवे घ्या. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी क्लाउडचं बिल सहभागी नसलेल्या महिन्यांतही येतं.

सुरुवात पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर, चौदा दिवस, आपल्याच चमूत करा. प्रत्येकाने बाहेर पडल्याची आणि परतल्याची वेळ वहीत लिहावी, मग जॅस्मिनचा घरातला वेळ वहीशी ताडावा. ज्या फोनवर रोजचा फरक एका तासाहून जास्त येतो, त्याच्या सेटिंग्ज पुन्हा उघडा.