भावंडांची गोष्ट की मित्रांची? दहा वर्षांच्या वाचकासाठी नार्निया आणि हॅरी पॉटर

दिवाळीच्या सुट्टीआधी घरातल्या दोघींनी मला एकच प्रश्न विचारला. इंदिरानगरला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी आणि मालेगावहून नुकत्याच नाशिकला राहायला आलेल्या माझ्या जावेला तिच्या एकुलत्या एका मुलासाठी अद्भुत साहसकथांची मालिका घ्यायची होती. सी. एस. लुईस यांची नार्निया घ्यावी की जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर, असा दोघींचा पेच होता. दोन्ही मालिका सात भागांच्या आहेत आणि दोन्हींच्या प्रथम प्रकाशित पुस्तकात सतराच प्रकरणे आहेत, त्यामुळे वरवर चाळून निवड होत नाही. माझ्या मते खरा फरक नात्यांत आहे. नार्नियातल्या मुलांना भावंडे जन्मानेच मिळालेली आहेत आणि ती टिकवण्याची कसोटी आहे. हॅरीला मात्र आपली माणसे शून्यातून जोडायची आहेत.

नार्नियाचे पहिले पुस्तक १९५० साली आले. महायुद्धातल्या हवाई हल्ल्यांमुळे पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी या चौघांना लंडनहून एका प्रोफेसरांच्या खेड्यातल्या घरी पाठवलेले असते. तिथल्या कपाटातून नार्निया या जादूच्या देशात जाऊन आलेल्या लूसीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पुढे एडमंडही तिथे जाऊन येतो, सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि तरीही थोरल्यांसमोर सांगतो की आम्ही दोघे नुसते खोटे-खोटे खेळत होतो. पुस्तकात लढाया आहेत, चेटकीण आहे, पण मला सर्वांत निर्दय वाटतो तो हाच प्रसंग. त्याआधी चेटकिणीने दिलेली टर्किश डिलाइट ही मिठाई त्याने एकट्याने फस्त केलेली असते आणि आणखी मिळावी म्हणून भावंडांना तिच्याकडे आणण्याचे कबूल केलेले असते. नाशिकच्या सीतागुंफेच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांना घरभेदी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण बिभीषण त्यांच्या ओळखीचा असतो. पण बिभीषण न्यायासाठी भावाला सोडतो आणि एडमंड खाऊसाठी, हा फरक माझ्या भाचीने स्वतःच काढला. एडमंड हाती लागत नाही तेव्हा पीटर कबूल करतो की मी त्याच्यावर रागावलो, त्यामुळेही तो बिघडला असेल. चेटकिणीच्या तावडीतून सुटका झाल्यावर अस्लान हा सिंह त्याच्याशी एकांतात बोलतो, झाल्या गोष्टीविषयी बोलायचे कारण नाही असे इतरांना सांगतो, आणि एडमंड एकेकाचा हात हाती घेऊन माफी मागतो. ज्या घरात रोज भांडणे होतात तिथे हे पान मोलाचे आहे.

हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ मधले असून ते मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने उपलब्ध आहे. इथे अनाथ हॅरीचे घर म्हणजे जिन्याखालची अडगळीची खोली आणि त्रास देणारा मावसभाऊ. गंमत म्हणजे इथेही नात्याची सुरुवात खाऊपासूनच होते. जादूच्या शाळेकडे जाणाऱ्या आगगाडीत भेटलेल्या रॉनकडे आईने दिलेली कोरडी सँडविचेस असतात, आणि त्यातले मांस आपल्याला आवडत नाही हे आई नेहमी विसरते, अशी त्याची तक्रार असते. हॅरीने फेरीवालीकडून भरपूर खाऊ घेतलेला असतो आणि आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे कोणाला तरी देण्यासारखे काही असते. डबा वाटून खाण्याची ही गोष्ट आपल्या शाळकरी मुलांना लगेच भिडते. वर्गातली हर्मायनी मैत्रीण होते ती या दोघांना वाचवण्यासाठी शिक्षिकेशी खोटे बोलल्यानंतर. नाताळला रॉनची आई हॅरीलाही स्वेटर विणून पाठवते, म्हणजे मित्राच्या मागून एक कुटुंबही येते. शेवटी वर्गमित्र नेव्हिलला जे दहा गुण मिळतात, ते मित्रांना अडवण्याचे धाडस दाखवल्याबद्दल. मैत्री म्हणजे नुसती हो ला हो नव्हे, हे तिथे भाषण न देता कळते.

उणिवा दोन्हीकडे आहेत. नार्नियात मुलींनी युद्धात उतरण्याविषयीची मते जुनाट आहेत आणि ती वाचताना मध्ये थांबून बोलावे लागते. हॅरीचे भाग पुढे जाडजूड होत जातात आणि चौथ्यात एका विद्यार्थ्याचा मृत्यू आहे, म्हणून दहाव्या वर्षी मी तिसऱ्यापाशी थांबेन. पौराणिक कथांची गोडी असेल आणि आई-मुलाचे नाते हवे असेल, तर २००५ पासूनची पर्सी जॅक्सन मालिकाही चालेल. तिची विनोदी शैली मला थोडी दमवते, मुलांना नाही.

नव्या शाळेत अजून कोणाशी सूर न जुळलेल्या जावेच्या मुलाला मी हॅरी सुचवले, तेही मराठीतून, म्हणजे रात्री आजीलाही वाचून दाखवता येईल. भाचीला धाकटा भाऊ आहे आणि दोघांचे क्षणभर पटत नाही, म्हणून तिला नार्निया. मात्र आजच्या अनेक संचांत १९५५ साली आलेले ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे पुस्तक पहिल्या क्रमांकावर छापलेले असते. ते बाजूला ठेवून कपाटाच्या गोष्टीपासूनच सुरुवात करावी, असे मी बहिणीला सांगितले आहे.