खाऱ्या पाण्यातून आलेले आउटबोर्ड मशीन: पिंप, मफ की फ्लशिंग पोर्ट?

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातील फायबर होडी असो वा पर्यटकांना फिरवणारी बोट, समुद्रावरून परतल्यावर तिचे आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, गोड्या पाण्याने आतून धुवावे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. नवीन मशीन घेणाऱ्याला किंवा जुन्यासाठी सोय करू पाहणाऱ्याला प्रश्न पडतो तो पद्धतीचा. माझ्या मते त्याचे उत्तर मशीनच्या किमतीपेक्षा होडी रात्री कुठे असते आणि गोडे पाणी तिच्यापर्यंत कसे पोहोचते, यावर अवलंबून आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मशीन चालू असताना गिअरकेसच्या (खालच्या गिअरपेटीच्या) वर बसवलेला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारे पात्यांचे चाक, हेच पाणी वर खेचतो आणि ते सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांमधून फिरून बाहेर पडते. मशीन बंद केल्यावर तापलेल्या ब्लॉकमध्ये उरलेले पाणी हळूहळू सुकते आणि मीठ मागे राहते. ते मीठ गोड्या पाण्यात सहज विरघळते, परंतु मिठामुळे ॲल्युमिनियम गंजून तयार होणारी पांढरी भुकटी विरघळत नाही. म्हणूनच धुण्याचे काम त्याच दिवशी व्हायला हवे.

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचे लहान मशीन उतरवून घरी नेता येत असेल, तर दोनशे लिटरचे पिंप हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. पाण्याची पातळी, पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या बरीच वर ठेवावी, पंखा (प्रोपेलर) काढून ठेवावा आणि मशीन न्यूट्रलमध्ये, आयडलवर म्हणजे सर्वांत कमी वेगावर चालवावे. इंपेलर बुडालेला असल्याने तो कोरडा फिरत नाही आणि नळाला जोर नसला तरी बिघडत नाही. उणीव एकच, पण मोठी: मशीनमधून निघालेले मीठ त्याच पिंपात उतरते आणि तेच पाणी पुन्हा आत जाते. त्यामुळे पहिले पाणी ओतून देऊन दुसऱ्या ताज्या पाण्यात मशीन पुन्हा चालवले, तरच धुणे पूर्ण झाले असे म्हणता येईल. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीने तळ गाठलेला असताना हे जड जाते, हे मान्य करायला हवे.

मफ म्हणजे चिमट्यासारख्या तारेवर बसवलेल्या रबराच्या दोन वाट्या. त्या जाळीवर दोन्ही बाजूंनी घट्ट बसवून नळी जोडायची, आधी पाणी सोडायचे आणि मगच मशीन सुरू करायचे. येथे प्रत्येक थेंब ताजा असतो. शिवाय मशीन तापते, आणि बहुतेक मशीनचा थर्मोस्टॅट (उष्णतेने उघडणारी पाण्याची झडप) साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडत असल्याने त्याच्या पलीकडच्या वाटाही धुतल्या जातात. मात्र मशीनजवळून हलता येत नाही. वाटी घसरली किंवा नळीला घडी पडली की मागून सुटणारी पाण्याची धार बारीक होते आणि कोरडा इंपेलर काही क्षणांतच खराब होऊ शकतो. काही लहान मशीनमध्ये पाणी आत घेणारी छिद्रे अशा जागी असतात की तेथे वाट्या बसतच नाहीत. त्यामुळे मफ विकत घेण्यापूर्वी आपल्या मशीनची जाळी नीट पाहून घ्यावी.

जेट्टीला पाण्यातच उभ्या राहणाऱ्या बोटीला आणि मोठ्या फोर-स्ट्रोक मशीनला फ्लशिंग पोर्टशिवाय, म्हणजे धुण्याची नळी जोडण्यासाठी मशीनवरच दिलेल्या जोडाशिवाय, सोयीचा पर्याय नाही. नळी थेट या वरच्या जोडाला लावता येते आणि पंखा काढण्याची गरज नसते. अनेक मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ यामाहाच्या मशीनवर, हे काम मशीन बंद ठेवूनच करायचे असते. इतरांच्या बाबतीत त्या मॉडेलचे सूचनापुस्तक प्रमाण मानावे. मशीन बंद असल्याने धोका कमी होतो, पण पाणी पुढे ढकलणारे आतून काहीच नसते, सारी मदार नळाच्या दाबावर. छपरावरची टाकी नळापेक्षा तीन-चार मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ ते ०.४ बार मिळतो. तेवढ्याने वरच्या वाटा भिजतात, पण खालचा इंपेलर आणि जाळी यांपर्यंत पाणी जोराने पोहोचेल याची खात्री नसते. पोर्टवर अवलंबून राहायचे असेल तर दाबाचा लहान पंप बसवावा आणि अधूनमधून बोट वर काढून मफ लावूनही मशीन धुवावे.

पद्धत कोणतीही असो, पाणी खरोखर गोडे हवे. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. जिभेला खारट लागणारे पाणी मशीनलाही नको. ओहोटीच्या वेळी खाडीत मशीन चालवून धुतल्याचे समाधान मानणारेही आहेत, पण उन्हाळ्यात खाडी बरीच आतपर्यंत खारी असते आणि पावसात तिच्या पाण्यात गाळ असतो, म्हणून मी तो पर्याय धरतच नाही. धुऊन झाल्यावर मशीन उभेच ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते आणि पावसाळ्यात बहुतेक मशीन घरातच पडून राहतात. त्याआधीच्या शेवटच्या धुण्याला मात्र पोर्ट पुरत नाही. तेव्हा कार्ब्युरेटर (इंधनात हवा मिसळणारा भाग) असलेल्या मशीनचे इंधन बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत मशीन चालवावे लागते, आणि हे पिंपात किंवा मफ लावूनच करता येते. म्हणून पोर्ट असलेले मशीन घेणाऱ्यानेही मफची एक जोडी घ्यावी.